चीर कुठं घेणार?

"पोटाचं याआधी काही ऑपरेशन झालंय का?" मी विचारलं.

"झालंय की! शिझर झालंय तिचं," सासू म्हणाली. "हर्षदच्या वक्ताला. पाच वर्सं झाली बगा. पोर आडवं आलं हुतं."

प्रश्न सुनेला होता. ती खाटेच्या कडेला बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली आणि मी केस-पेपरवर लिहून टाकलं : सिझेरियन, पाच वर्षांपूर्वी.

"पाळी वेळेवर येते?"

"अगदी तारखेला," पुन्हा सासूच.

"कशाची ॲलर्जी वगैरे?"

"वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटती. पर ती मला. हिला कायबी हुत न्हाई."

पेशंटशी एकटीने बोलायचं असतं, हे मला शिकवलेलं होतं. पण आपल्याकडे खाटेवर पेशंट एक, भोवती माणसं चार, आणि उत्तरं देणारं त्यातलं भलतंच कोणीतरी. शिवाय संध्याकाळचे सहा वाजून गेले होते आणि माझे अजून तीन केस-पेपर बाकी होते. मी एकोणतीस वर्षांची होते, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लिव्हरच्या प्रत्यारोपणाच्या विभागात नुकतीच लागले होते, आणि आपल्याला माणसं कळतात असा माझा दाट समज होता.

सुनेचं नाव सारिका मगदूम. वय एकतीस, गाव शिरोळच्या बाजूचं. नवरा अजित दूध संघाचा टँकर चालवायचा. तो वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डात हर्षदजवळ बसला होता. हर्षद पाच वर्षांचा. लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या त्याला जन्मापासूनच नव्हत्या. तीन महिन्यांचा असताना एक ऑपरेशन झालं होतं, त्यावर पाच वर्षं निघाली. आता डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायांच्या काड्या, पोट नगाऱ्याएवढं. दुसरं लिव्हर मिळालं नाही तर तो पावसाळा पाहणार नाही, असं आमच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याला आईच्या लिव्हरचा तुकडा द्यायचा ठरलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

मी तपासणीच्या रिपोर्टच्या मागे चित्र काढून सारिकाला समजावलं. लिव्हरचा डावीकडचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा. तेवढा लहान मुलाला पुरतो. तिचं उरलेलं लिव्हर दोन-तीन महिन्यांत भरून येतं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. सासूने मात्र दोनदा "ऱ्हायलेलं परत वाढतंय? खरंच?" म्हणून विचारलं आणि दोन्ही वेळा कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. आक्काताई तिचं नाव. किडकिडीत, उंच, कानात जड बुगड्या.

सारिकाने सबंध वेळात एकाच गोष्टीबद्दल विचारलं.

"चीर कुठं घेणार?"

हा माझा आवडता प्रश्न होता. पूर्वी लिव्हर देणाऱ्याचं पोट छातीखाली हातभर उघडायचे. आमच्या विभागात ते दुर्बिणीतून करायला लागून दोनच वर्षं झाली होती आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान! मी रंगात येऊन सांगू लागले. पोटाला बटणाएवढी पाच भोकं. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. आतलं सगळं समोरच्या पडद्यावर दिसतं, ते बघत काम करायचं. तुकडा सुटा झाला की आतल्या आतच पिशवीत भरायचा.

"आणि काढायचा कुठनं?"

"खाली, ओटीपोटावर आडवी चीर घेतो. सिझेरियनमध्ये बाळ काढतात ना, बरोबर तिथेच. तुमची तर जुनी खूण आहेच, तीच उघडू. नवी खूणसुद्धा व्हायची नाही."

सगळे डोनर इथे खूश होतात. हिचा चेहरा उतरला, मग लगेच लाल झाला, मग तिने एकदा सासूकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नक्की तिथंच? वर नाही ना घेणार?"

"शक्यतो नाही. आत रक्तस्राव वगैरे झाला तर मात्र वरून उघडावं लागतं. ते फार थोड्यांच्या बाबतीत होतं."

"पण तसं नाही झालं तर तिथनंच?"

"हो हो, तिथूनच."

मला जरा रागच आला. वरच्या मजल्यावर पोर मरायला टेकलंय आणि बाईला पोटावरच्या खुणेची पडलीय, असं मनात म्हटलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी मार्कर घेऊन तिच्या खोलीत गेले. ऑपरेशनच्या जागा पेशंट जागा असतानाच पोटावर आखून ठेवायच्या, असा आमच्याकडे नियम होता. या वेळी नियमानेच आक्काताईंना बाहेर बसवलं आणि पडदा ओढला.

सारिका आडवी झाली. मी गाऊन वर केला आणि मार्करचं टोपण तोंडात धरून तशीच थांबले. पोटावर खूण नव्हती. मी वाकून पाहिलं, दिवा लावून पाहिलं, ओटीपोटाची कातडी दोन बोटांनी ताणून पाहिली. कुठेही काही नाही. चुकीच्या पेशंटवर ऑपरेशन झाल्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. मी तिच्या मनगटावरची पट्टी वाचली. सारिका अजित मगदूम. बाई तीच होती.

"तुमचं सिझेरियन झालंय म्हणालात ना काल?"

"मी नाही म्हणाले. आत्या म्हणाल्या." त्या भागात सासूला आत्या म्हणतात.

"म्हणजे हर्षद नॉर्मल झाला?"

तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्याखालून आक्काताईंची पावलं दिसत होती. तिने माझ्या ॲप्रनची बाही धरून मला खाली ओढलं.

"मला झालेला नाही तो," ती कुजबुजली. "आणलाय आम्ही त्याला. संस्थेतनं."

मी मार्करला टोपण लावलं.

"कागदं सगळी आहेत हो. दत्तकाची, कोर्टाची. मोठ्या सरांनी बघितल्यात, परवानगी देणाऱ्या समितीनं बी बघितल्यात, आम्हा दोघांना बोलवून विचारलंय सगळं. लपवलेलं काही नाही तुमच्यापासनं. फक्त आत्यांना ठाऊक नाही. गावात कुणालाच नाही. हे, मी आणि माझी आई, बास."

मग तिने भराभरा सांगितलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून जवळजवळ श्वासातच. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. जावेला तीन. दिवस गेलेत आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, असं कारण सांगून ती तिसऱ्याच महिन्यात माहेरी गेली आणि परतली ती दोन महिन्यांचा हर्षद घेऊन.

"संस्थेतल्या बाई म्हणाल्या, हे पोर पिवळं आहे, दोघांनी नको म्हटलंय, तुम्ही दुसरं बघा. मी म्हटलं, पिवळं तर पिवळं. हळद लागल्यागत दिसतंय की."

"आणि सिझेरियन?"

"ते सांगावंच लागलं. नाहीतर बाया अंग चोळायला येतात, शेकायला येतात. टाके आहेत म्हटलं की कुणी हात लावत नाही." "पाच वर्षं झाली, मी कुणापुढं साडी बदललेली नाही. यात्रेला नदीवर सगळ्या बाया आंघोळ करतात, मी काठावर कपडे सांभाळत बसते."

मी मार्कर उघडला. तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"काल तुम्ही म्हणालात ना, चीर तिथं घेणार, बाळ काढतात तिथं. मला रातभर झोप नाही. म्हटलं, ते पोर माझ्या पोटात राहिलं नाही. ते काय माझ्या हातात नव्हतं. पण आता त्याच्यासाठी माझ्या पोटातनं काहीतरी निघणार, आणि तिथनंच निघणार. मग मला खोटं बोलावं लागणार नाही. कुणी विचारलं तर सांगीन, ही बघा खूण, ही हर्षदची." तिने माझ्याकडे पाहिलं. "हसताय का तुम्ही?"

मी हसत नव्हते. काल संध्याकाळी या बाईबद्दल मी काय काय मनात आणलं होतं ते आठवून मला स्वतःची लाज वाटत होती आणि रडू आवरत नव्हतं.

"मी सरांना सांगते," मी म्हटलं. "ते मुद्दाम काळजी घेतील."

"नाही!" तिने बाही पुन्हा ओढली. "हे सांगायचं नाही त्यांना. माझ्या हट्टापायी त्यांचा हात अडायचा. हर्षदला जरा धोका वाटला, किंवा माझ्या जिवाचं काही झालं, तर त्यांनी मला उभी चिरावी. पण तसं काही झालंच नाही, तर मग तिथनं. तुम्हाला सांगितलं ते आपलं... कुणाला तरी सांगावं वाटलं म्हणून. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. मग तिच्या पोटावर पाच ठिपके काढले आणि खाली, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक निळी आडवी रेघ ओढली. तिने मान उचलून पाहिलं.

"एवढीच?"

"एवढीच. बाळाचं डोकं मावतं यातून."

ती इतकी प्रसन्न हसली की मी टोपण तिथेच विसरून आले.

आमचे गोरक्षकर सर हात धूत होते. मी त्यांना सांगितलं की केस-पेपरमध्ये माझी चूक आहे, पेशंटचं सिझेरियन झालेलं नाही.

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "फाइल मी वाचलेली आहे. तू माहिती सासूसमोर विचारलीस?"

"हो सर."

"मग तो सासूचा केस-पेपर झाला. सुनेचा पुन्हा लिही."

एवढंच. सर कधी ओरडत नसत, टोमणा मारून पुढे जात. मला वाटलं आत्ताच सांगून टाकावं. पण शपथ घेऊन अर्धा तासही झाला नव्हता.

ऑपरेशनला आठ वाजता सुरुवात झाली. शेजारच्या थिएटरमध्ये दुसरी टीम हर्षदला तयार करत होती. माझं काम दुर्बीण धरायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सर्जनचे डोळे त्या वेळी माझ्या हातात असतात. तासन्‌तास हात हलू द्यायचा नाही, चित्र तिरपं होऊ द्यायचं नाही. दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते म्हणून शेजारी थर्मासमध्ये गरम पाणी ठेवलेलं असतं. काच त्यात बुडवायची, पुसायची, पुन्हा आत घालायची.

"तांबवेकर, होडी कलतीय आपली," सर मधूनच म्हणत. मी चित्र सरळ करत असे.

काम सुरेख चाललं होतं. पडद्यावर तिचं लिव्हर तांबूस, तुकतुकीत दिसत होतं. सर मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे जात होते, एकेक बारीक नस बांधत. साडेअकरापर्यंत डावा तुकडा जवळजवळ सुटा झाला. राहिली होती पित्ताची नळी, जी कापायची होती, आणि तीन रक्तवाहिन्या, ज्या अगदी शेवटी कापायच्या असतात. सिस्टरने तुकडा ठेवायची पिशवी उघडून तयार ठेवली. मी निळ्या रेघेकडे पाहिलं. निर्जंतुक चादरीच्या चौकोनात ती नीट दिसत होती.

आणि पडदा लाल झाला.

मोठ्या शिरेची एक फांदी फाटली होती. रक्त थेट काचेवर उडालं. मी दुर्बीण बाहेर ओढली, पाण्यात बुडवली, पुसली, आत घातली. पुन्हा लाल. पुन्हा बाहेर. मला लागली असतील आठ-दहा सेकंदं प्रत्येक वेळी. तिसऱ्यांदा चित्र आलं तेव्हा सरांनी त्या जागी कापसाचा बोळा दाबून धरला होता आणि रक्त बोळ्याच्या कडेने झिरपत होतं, आधीच्यापेक्षा हळू.

"दोन मिनिटं थांबू," सर म्हणाले.

दोन मिनिटं झाली. सरांनी बोळा किंचित उचलला. पुन्हा झिरपलं. कमी, पण झिरपलं.

आज मी स्वतः ही ऑपरेशनं करते. असं झिरपणं दुर्बिणीतूनच थांबवता येतं, हे मला आज माहीत आहे, आणि कधी कधी थांबवता येत नाही, हेही माहीत आहे. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की सर चाचपडताहेत. थांबू या म्हणावं की उघडू या, हे त्यांच्या डोळ्यांत सारखं खालीवर होत होतं. एखाद्या शब्दानेसुद्धा पारडं फिरलं असतं.

"सर..." मी म्हटलं.

"बोल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, थोडं थांबू या, तिला ती चीर खालीच हवीय. का हवीय ते मला ठाऊक आहे. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. आणि त्याच क्षणी तिचं बोलणं आठवलं. माझ्या हट्टापायी त्यांचा हात अडायचा.

"काही नाही सर. काच पुसलीय. चित्र स्वच्छ आहे."

सरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. "उघडतोय," ते म्हणाले. "डोनरवर शौर्य दाखवायचं नसतं. वेळ लिहा."

छातीच्या हाडापासून बेंबीच्या वरपर्यंत उभी चीर. मी दुर्बीण बाजूला ठेवली आणि पोट धरायला हात आत घातले. शीर सापडली, शिवली, तीन मिनिटांत सगळं शांत झालं. तासाभराने लिव्हरचा तुकडा सरांच्या तळहातावर होता. तो वरूनच निघाला. बर्फाच्या भांड्यात घालून तो पलीकडे नेला. संध्याकाळी सहाला पलीकडून निरोप आला, की हर्षदच्या पोटात तो गुलाबी झाला आणि त्यातून पित्ताचा पहिला थेंब आला, सोनेरी. थिएटरमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसून राहिले. खालची निळी रेघ ड्रेसिंग करताना मीच स्पिरिटने पुसली होती.

सारिका रात्रभर गुंगीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला नीट शुद्ध आली, तेव्हा तिने आधी हर्षदचं विचारलं. मी सांगितलं, तो छान आहे, लिव्हर काम करतंय. मग तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "कुठनं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. तिला ते काही तासांत कळलंच असतं.

"वरून," मी म्हटलं. "रक्त यायला लागलं, थांबेना. थांबायला वेळ नव्हता."

तिने डोळे मिटले.

"तुम्ही सांगितलं नाही ना सरांना?"

"नाही."

"बरं केलंत," ती म्हणाली. "मग झालं. पोर वाचलं, आणखी काय पाहिजे?" पण मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं आणि तिने तोंड पलीकडे फिरवलं. मला फार वाईट वाटलं. पोर वाचलं होतं, ती वाचली होती, कोणाचं काही चुकलं नव्हतं. पण काच पुसताना गेलेल्या त्या आठ-दहा सेकंदांचा हिशेब माझ्या मनात पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला.

चौथ्या दिवशी तिला साध्या खोलीत आणलं. दोन खाटांची खोली, दुसरी खाट रिकामी. एप्रिलचे दिवस, अकराच्या सुमारालाच अंगाची लाही होत होती. मी ड्रेसिंगला गेले तर आत झटापट चालली होती. आक्काताई बाह्या सरसावून, गरम पाण्याची बादली आणि पंचा घेऊन उभ्या, आणि सारिका दोन्ही हातांनी गाऊन खाली धरून बसलेली.

"नको म्हटलं ना आत्या! सिस्टर पुसतील."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"बाई, तुम्ही सांगा यांना," सारिका काकुळतीला येऊन मला म्हणाली. "यांना बाहेर बसवा. नियम सांगा कायतरी."

मला तिची भीती कळत होती. आता पोटावर वर एक मोठी चीर होती आणि खाली काहीच नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्काताईंनी बादली खाली ठेवली.

"काय बगीन म्हनून भितीस, पोरी?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "शिझरची खूण न्हाई, ती? मला काय आज ठावं झालंय?"

सारिकाच्या हातातला गाऊन सुटला.

"दोन म्हैन्याचं पोर घिऊन आलीस, आन्‌ तिसऱ्या दिशी हिरीवरनं दोन घागरी घिऊन ताडताड चालत आलीस. शिझरची बाई आशी चालती व्हय? सा बाळंतपनं केल्यात मी ह्या हातांनी. तुजी चाल बगितली आन्‌ वळीखलं."

"आत्या... मग बोलला का नाहीत?" सारिका म्हणाली.

"तू सांगटलं न्हाईस, मी इचारलं न्हाई. पोर तुला चिकटलं हुतं. पिवळं पोर, रातभर खाजवून रडायचं, आन्‌ तू त्याला घिऊन अंगणात फिरायचीस. आता आई आनखी कशाला म्हनायचं? गावात कुनी तोंड उघडायच्या आदी मीच म्हनायची, शिझर झालंय तिचं. म्हंजी पुढचं कुनी इचारत न्हाई."

मी तिथे ड्रेसिंगचा ट्रे हातात धरून उभी होते. माझ्या केस-पेपरवरचं ते उत्तर आक्काताईंनी कशासाठी दिलं होतं, ते मला आत्ता कळलं. म्हातारी फसलेली नव्हती. म्हातारी राखण करत होती.

"पर एक राहून गेलं," आक्काताई पंचा पिळत म्हणाल्या. "तवा तुजं बाळंतपन माझ्या हातनं झालं न्हाई. म्हायेरी झालं म्हनून सांगटलंस, मी गप बसले. आता पोटातनं काडून दिलंस की न्हाई पोराला? मग आता करू दे. कर हात बाजूला."

सारिकाने हात बाजूला केले. आक्काताईंनी तिचं अंग पुसलं. मान, पाठ, हात, पाय, बोटांच्या बेचक्या. टाक्यांपासून चार बोटं दूर राहून, न सांगता. मी ड्रेसिंग बदललं. मग त्यांनी पिशवीतून जुन्या सुती लुगड्याची फाडलेली मऊ घडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"डॉक्टरीन, पोट बांदायला लागतंय. ह्यानं बांदलं तर चालंल?"

आमचा हॉस्पिटलचा पट्टा उशाशी पडला होता, नवा कोरा, चिकटपट्टीचा. मी लुगड्याला हात लावून पाहिलं. शंभरदा धुतलेलं होतं.

"चालेल," मी म्हटलं. "फार आवळू नका. गाठ बाजूला घ्या, टाक्यांवर नको."

"गाठ कुटं घ्यायची ती मला शिकीव आता," त्या म्हणाल्या आणि सारिकाला उठवून बसवून त्यांनी पोट बांधलं. सारिका त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडत होती. रडताना टाके ओढायचे म्हणून मधेच "आई गं" म्हणत होती आणि तशातच हसत होती.

"रडू नगं. टाक्यास्नी तान पडतोय," आक्काताई दरडावून म्हणाल्या आणि स्वतःचे डोळे पंच्याला पुसले. "हर्षदला काचंतनं बगून आले मी. डोळं पांडरं झाल्यात त्याचं. भडंग मागतोय."

एवढ्यात सिस्टर औषधं घेऊन आली. "बापरे, काय उकडतंय!" म्हणत तिने पंखा पाचवर केला.

"ए बाय, बंद कर ते!" आक्काताई ओरडल्या. "वारं लागंल तिला. बाळंतीन हाय."

सिस्टर गोंधळली. तिने खाटेच्या पायथ्याची फाइल उचलून पाहिली. "कोण बाळंतीण? आजी, या लिव्हरच्या पेशंट आहेत." आणि तिने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं.

आक्काताईंनीही माझ्याकडे पाहिलं. आणि सारिकाने पाहिलं, सासूच्या खांद्यावरून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी.

माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी ट्रे खाली ठेवला, भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला.